मालवणच्या खडपातील प्रवाळ : सिमेंटच्या ठोकळ्यांवर लावणी करून उपयोग होईल का?

खाडीमुखी (प्रश्न)

नमस्कार. मी देवबागचा राहणारा. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घराचा रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या सामायिक जाळ्यात) वाटा होता. आता चार खोल्यांचे न्याहारी-निवास आणि एक फायबरची होडी यांवर घर चालते. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत मी पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ भागावर, स्नॉर्केलिंगसाठी नेतो.

या खडपात, मोठ्या ओहोटीला जेमतेम छातीभर पाणी उरते अशा एका जागी, गुडघ्याएवढ्या उंचीचा तपकिरी प्रवाळ आहे. मी पोहायला शिकलो तेव्हापासून तो मला ठाऊक आहे आणि मनातल्या मनात मी त्याला ‘म्हातारा’ म्हणतो. गेल्या जानेवारीत, अमावास्येच्या उधाणाची ओहोटी लागलेली असताना, माझ्या होडीतले एक गृहस्थ पोहून दमले आणि पाय टेकायला त्यांनी नेमका तोच उंचवटा निवडला. ते होडीत चढल्यावर मी बुडी मारून पाहिले, तेव्हा प्रवाळाच्या माथ्यावर तळहाताएवढा पांढरा ओरखडा पडला होता. महिन्याभराने त्या जागेवर हिरवट शेवाळ धरले होते. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, कारण ओहोटीच्या वेळी त्यांना तिथे नेणारा मीच होतो.

आम्ही सहा होडीवाल्यांनी आता वर्गणी काढायचे ठरवले आहे. दूरदेशीच्या बेटांवर लोक सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधतात आणि काही वर्षांत तिथे बाग उभी राहते, अशा चित्रफिती आम्ही पाहिल्या. आपल्याकडेही तुटलेले तुकडे गोळा करून अशी लावणी करावी, असा विचार आहे. जाणकारांना विचारायचे आहे ते एवढेच की ही लावणी आपल्या पाण्यात तगेल का, तिला परवानगी लागते का, आणि ती करण्यात अर्थ नसेल तर जमणारे पैसे कुठे खर्च करावेत.

आणखी एक गोष्ट, जी वेगळी वाटली तरी माझ्या मते याच विषयातली आहे. माझ्या मावसभावाच्या जाळ्यात डिसेंबरात मोठे कासव अडकले. त्याने जाळे कापून ते सोडून दिले. भरपाई मिळते असे ऐकून तो चौकशीला गेला, पण पुरावा नाही म्हणून हात हलवत परत आला, आणि गावात त्याचे हसू झाले ते वेगळेच. त्याने काय करायला हवे होते?

प्राणिशास्त्र_रत्नागिरी

दोष आपण स्वतःकडे घेतला आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. मी रत्नागिरीत महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन मालवणच्या पाण्यात अनेकदा उतरलो आहे.

कायद्याचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात सांगता येते. खडप बांधणारे सर्व कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर त्यांचे स्थान वाघाच्या पंक्तीला आहे. त्यांना इजा करणे, ते उचलणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. तुटून पडलेला तुकडादेखील यातून सुटत नाही. त्यामुळे ‘आम्ही चांगल्या हेतूने गोळा करत होतो’ हे उत्तर चालणार नाही. त्यातून आपण सांगता ती जागा मालवण सागरी अभयारण्यात येते. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही ठोकळा पाण्यात सोडू नका.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ज्याला आपण ‘म्हातारा’ म्हणता तो बहुधा पोराइट्स कुळातला असावा. दिसतो दगडासारखा, परंतु तो हजारो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे, आणि जिवंत भाग म्हणजे चुन्याच्या सांगाड्यावर पसरलेली अवघी काही मिलिमीटर जाडीची साय. त्या सायीत एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि यजमानाच्या गरजेचा फार मोठा वाटा, काही वेळा नव्वद टक्क्यांपर्यंत, पुरवते. पाय टेकल्याने ही साय खरवडली गेली. जखम लहान असेल तर कडेची साय वाढत येऊन ती भरून काढते, परंतु त्याआधीच बाहेरच्या शेवाळाने जागा पकडली तर ती जागा प्रवाळाला सहसा परत मिळत नाही. आपण महिन्याभराने पाहिलेली हिरवट छटा हीच.

या प्रकारचा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि गढूळ पाण्यात त्याहून कमीच. गुडघ्याएवढी उंची म्हणजे चाळीस-पन्नास सेंटिमीटर धरली, तर अभयारण्याची अधिसूचना १९८७ साली निघाली तेव्हा तो बहुधा तिथे होताच. चित्रफितींमध्ये आपण जी लावणी पाहिली ती बहुतेक वेळा फांद्यांच्या प्रवाळाची असते. तो वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढतो, त्यामुळे तीन-चार वर्षांत चित्र डोळ्यांत भरते. मालवणचे वैभव निराळे आहे. आपल्याकडे गाळ सोसणारे, घुमटासारखे, पापुद्र्यासारखे किंवा पसरट थाळीसारखे वाढणारे प्रकार मुख्यत्वे आढळतात, आणि पावसाळ्याचे चार महिने कर्ली व गड या नद्यांचे लाल पाणी पोटात घालूनही ते टिकून आहेत याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. अशा मंद वाढीच्या प्रवाळाचा बोटभर तुकडा ठोकळ्यावर बांधला, तर तो ‘म्हाताऱ्या’एवढा व्हायला आपल्या नातवंडांचा काळ उजाडेल.

दुसरी अडचण ठोकळ्याचीच आहे. तीन-चार मीटर खोलीवर, पक्के न रोवलेले सिमेंटचे ठोकळे जूनच्या लाटांत जागेवर राहत नाहीत. ते गडगडत जातात आणि वाटेतल्या जिवंत प्रवाळावर हातोड्यासारखे बसतात. आपण लावलेल्यापेक्षा मोडलेले जास्त, असा हिशोब सहज होऊ शकतो.

आपल्या देशात लावणीचे प्रयोग झालेले नाहीत असे नाही. मन्नारच्या आखातात तुतुकुडीच्या संशोधन संस्थेने अनेक वर्षे हे काम केले आहे, आणि कच्छच्या आखातात मिठापूरजवळ २०२० मध्ये सौम्य वीजप्रवाह सोडलेल्या लोखंडी सांगाड्यावर तुकडे बांधण्यात आले. परंतु मन्नारची पार्श्वभूमी लक्षात घ्या. तिथे चुन्यासाठी आणि बांधकामासाठी कित्येक दशके प्रवाळ अक्षरशः खणून काढला गेला, आणि १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या त्या २१ बेटांपैकी दोन बेटे पुढे पाण्याखाली गेली. जिथे खडपच उचलून नेले गेले होते तिथे लावणीला अर्थ होता. मालवणला खडप जागेवर आहे आणि पावले त्यावर पडत आहेत, तेव्हा आधी पावले थांबवावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

दांडीचा_गिलनेटवाला

सरांनी लिहिलेले सर्व पटले. फक्त १९८७ चा उल्लेख त्यांनी एका ओळीत उरकला, तो आम्हाला तसा उरकता येत नाही.

२९.१२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आणि त्यात किल्ला, पद्मगड व भोवतालचे खडप मिळून सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, अशी रेषा नकाशावर ओढली गेली, तेव्हा त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या माणसांना कोणी विश्वासात घेतले नव्हते. त्यामुळे ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारला की आमच्या वाडीत आजही दारे बंद होतात. खडपात शेवंड (लॉब्स्टर) कुठे बसते, तांबोशी मासा कोणत्या महिन्यात येतो, कुठल्या कपारीत जाळे फाटते, हे आमच्या तांडेलांना (होडीच्या म्होरक्यांना) तोंडपाठ होते आणि आहे. तीच माहिती विचारून रेषा ओढली असती तर ती रेषा आम्ही राखली असती.

आता खाडीमुखी यांना दोन शब्द. राग मानू नये. माझ्या जाळ्याला ज्या रेषेचा धाक दाखवला जातो, तीच रेषा पर्यटकांच्या होड्या दिवसातून दहा वेळा ओलांडतात आणि प्रत्येक होडी खडपावर लोखंडी नांगर टाकते. पायाचा ओरखडा तळहाताएवढा असतो. नांगर ओढला गेला की वावभर (दोन्ही हात पसरल्याएवढा) पट्टा साफ होतो. आपण पायाबद्दल लिहिलेत, नांगराबद्दल लिहिले नाहीत. दुसरे म्हणजे पाव. मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करून टाकण्याची पद्धत तुमच्यापैकी कोणी सुरू केली ते मला ठाऊक नाही, पण शेवाळ चरणारे मासे पावाच्या मागे लागले तर खडपावरचे शेवाळ कोण खाणार? हे सांगायला प्राणिशास्त्र लागत नाही.

आमच्याकडूनही चुका होतात. कपारीत अडकलेले जाळे आम्ही कापून तिथेच सोडून देतो आणि ते नायलॉन पुढे कित्येक वर्षे मासे, खेकडे, कासवे मारत राहते. माझी स्वतःची निदान तीन जाळी त्या तळाशी आहेत. कुणी पाणबुडे ती काढणार असतील तर जागा मी दाखवीन.

मोठ्या यांत्रिक नौकांबद्दल लिहायला बसलो तर धागा भरकटेल. पर्ससीनवर (माशांचा थवा वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली, आणि रात्री क्षितिजावर दिवे दिसतात ते दिसतातच, एवढे नोंदवून थांबतो.

तुमच्या वर्गणीचे म्हणाल तर मुरिंगचे बोये घाला. खडपाच्या बाजूला वाळूचे पट्टे आहेत, तिथे वजन रोवावे, वर बोया ठेवावा आणि होडी त्याला बांधावी, म्हणजे नांगर टाकण्याची गरज राहत नाही. मात्र जागा ठरवताना आम्हाला विचारा. नाहीतर तुमचा बोया आमच्या जाळ्याच्या वाटेवर येईल आणि एका रात्री तो कापला जाईल. ही धमकी समजू नये. असे पूर्वी झाले आहे म्हणून सांगतो.

निवळपाणी

मी तारकर्ली आणि मालवण येथे अकरा हंगाम स्कुबा व स्नॉर्केलिंग शिकवले आहे. दांडीच्या दादांचा पाव आणि नांगर या दोन्ही बाबतींतला राग रास्त आहे. ‘ताई, मासे दाखवा, नाहीतर पैसे परत द्या’ असे म्हणणारे पाहुणे असतात हे खरे, पण पाव न टाकताही मासे दिसतात. त्यासाठी पाण्यात दहा मिनिटे शांत राहावे लागते, आणि पाहुण्यांना शांत ठेवणे हे आपल्या कामाचाच भाग आहे.

माझ्या अनुभवात प्रवाळावर पाय पडतो त्याचे कारण बेफिकिरी क्वचितच असते. बहुतेक वेळा ती घाबरलेल्या माणसाची धडपड असते. पोहता न येणारा माणूस जॅकेट घालून पाण्यात उतरला की त्याचे शरीर आपोआप उभे होते आणि पाय जमीन शोधू लागतात. त्याला ‘पाय टेकू नका’ असे शंभर वेळा सांगून उपयोग होत नाही. त्याला आडवे तरंगायला शिकवावे लागते. म्हणून मी प्रत्येक गटाला आधी वाळूच्या तळावर, जिथे पाय टेकला तरी कुणाचे बिघडत नाही अशा जागी, पंधरा मिनिटे सराव देते. ज्याला त्या वेळातही आडवे राहणे जमत नाही, त्याला तरंगत्या रिंगला धरायला लावून मी स्वतः ओढत नेते. एका मार्गदर्शकामागे चारांपेक्षा अधिक माणसे घेत नाही. हंगामाच्या गर्दीत यामुळे एक फेरी कमी होते आणि तेवढे पैसे बुडतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

वेळेचा मुद्दा आपल्या प्रश्नातच आला आहे, पण तो नियम म्हणून पाळावा असे मी सुचवीन. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त असते, गाळ उठतो, पाणी गढूळ होते आणि ओहोटीला खडपाचा माथा थेट पायाखाली येतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ओढ मंदावते आणि पाणी निवळते. पाहुण्यांना दिसतेही जास्त आणि खाली खोलीही पुरेशी राहते. मी स्वतः उधाणाच्या ओहोटीला उथळ खडपावर फेरी नेतच नाही. त्या वेळी पाहुण्यांना खाडीत कांदळवन दाखवायला नेते.

सनस्क्रीनबद्दल मला वारंवार विचारतात. त्यातील ऑक्सिबेंझोनसारख्या काही रसायनांमुळे प्रवाळाला अपाय होतो म्हणून हवाई आणि पलाऊ या बेटांनी त्यांवर बंदी घातली आहे. मी पाहुण्यांना लांब बाह्यांचा अंगरखा देते, म्हणजे मलम लावण्याचे कारणच उरत नाही. मात्र नांगर टाकणाऱ्याने सनस्क्रीनवर चर्चा करणे म्हणजे छप्पर उडाले असताना खिडकीला पडदा लावण्यासारखे आहे.

जाळी काढण्याच्या कामाला मी येईन. परंतु प्रवाळावर वाढलेले जुने जाळे ओढून काढू नये. ते कैचीने तुकडे करून, जिथे प्रवाळ त्यावर वाढला आहे तेवढा भाग तसाच ठेवून काढावे लागते. ते काम प्रशिक्षित पाणबुड्यांचे आहे.

वेळासची_माहेरवाशीण

प्रवाळातले मला फारसे कळत नाही. माझे माहेर मंडणगड तालुक्यातले वेळास, म्हणून कासवाच्या प्रश्नावर लिहिते.

खाडीमुखी, आपल्या मावसभावाने जे केले ते योग्यच होते. राज्यात डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे की संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्याला जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. यात कासवांबरोबर व्हेल शार्क, डॉल्फिन असे प्राणीही येतात. मात्र अट अशी की प्राणी जाळ्यात असताना आणि सोडताना छायाचित्र किंवा चित्रीकरण केलेले असले पाहिजे. भर समुद्रात, ओल्या हातांनी, धडपडणाऱ्या कासवाशेजारी मोबाईल काढणे सोपे नसते, परंतु होडीवर दोघे असतील तर एकाने तेवढेच करावे. जलरोधक पाकिटात मोबाईल ठेवण्याची सवय आमच्या भागात आता बऱ्याच जणांनी लावून घेतली आहे.

कासव बाहेर काढल्यावर ते निपचित पडले असेल तर मेले असे समजून फेकू नये. ते फुप्फुसांनी श्वास घेते आणि जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर गुदमरते. त्याचा मागचा भाग थोडा उंच ठेवून, सावलीत, ओल्या पोत्याखाली काही तास ठेवले तर पुष्कळदा ते पुन्हा हालचाल करू लागते, आणि मग सोडावे.

गावात हसू झाले, असे आपण लिहिले आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे कासवाची अंडी खणून नेण्यात कुणाला काही गैर वाटत नव्हते. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला घरट्यांचे संरक्षण सुरू केले, तेव्हा त्यांनाही हसणारे पुष्कळ होते. पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला बाहेरगावची माणसे येऊ लागली, घराघरांत त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली, आणि ज्या ओसरीवर पूर्वी अंडी विकली जात तिथे पाहुण्यांना मोदक वाढले जाऊ लागले. उपदेशाने जे झाले नसते ते त्या जेवणाच्या पानांनी झाले, असे माझी आई म्हणते. अर्थात याचीही एक बाजू आहे, आणि ती आपल्या चर्चेशी जुळते म्हणून सांगते. पाहुणे वाढले तसे किनाऱ्यावर दिवे वाढले, मोबाईलचे झोत वाढले, आणि रात्री घरटे करायला येणारी मादी प्रकाश पाहून परत फिरते. मग पाहुण्यांवरही नियम घालावे लागले.

हे प्राणी किती लांबचे असतात हेही गावात सांगा, हसणे थोडे कमी होईल. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी बांधलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या सुरुवातीला गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून निघून भारताला वळसा घालून ती आमच्याकडे आली. कदाचित मावसभावाने सोडलेले कासवही असेच कुठून तरी आलेले असेल.

खाडीमुखी

सर्वांचे मनापासून आभार. ठोकळ्यांचा बेत आम्ही सोडून दिला आहे. पावाबद्दल दांडीच्या दादांनी जे लिहिले त्यात मीही आलो, हे मान्य करतो. कालपासून आमच्या सहा होड्यांवर पाव बंद झाला. एकाने कुरकुर केली, पण तोही ऐकेल.

नांगराचे मात्र मनाला लागले. मी आज मुद्दाम ‘म्हाताऱ्या’च्या आजूबाजूला पाहिले तेव्हा कडेला दोन जुन्या चऱ्या दिसल्या. त्या पायाच्या नव्हत्या.

सरांना एक शंका विचारायची आहे. आम्ही हे सगळे केले तरी समुद्रच तापत चालला आहे असे वाचतो. मग आमच्या बोयांनी काय साधणार? आणि त्या तापण्याचा मालवणला कोणत्या महिन्यात जास्त धोका असतो?

प्राणिशास्त्र_रत्नागिरी

शंका रास्त आहे, आणि तिचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्यापाशी नाही. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्या पोटातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असे नाही. तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते, लांबले तर तो मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी हे मोठ्या प्रमाणावर घडले, आणि २०२३-२४ मध्ये जगभर पुन्हा घडले.

लक्षद्वीपची आकडेवारी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर १९९८ पासून २४ वर्षे सातत्याने केलेल्या नोंदींत जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आले. त्याच अभ्यासात असेही दिसले की दोन तडाख्यांमध्ये पाच-सहा वर्षांची उसंत मिळाली तर प्रवाळ सावरू लागतो. ती बेटे प्रवाळानेच बनलेली आहेत आणि तिथली गळाने होणारी कुप्याची (ट्यूना माशाची) मासेमारी प्रवाळातल्या लहान आमिष-माशांवर चालते, त्यामुळे तिथे प्रवाळ गेला तर पायाखालची जमीन आणि पानातला मासा दोन्ही जातात. आपण मुख्य भूमीवर राहतो म्हणून आपल्याला तेवढी तातडी जाणवत नाही.

बोयांनी पाणी थंड होणार नाही. परंतु ज्या प्रवाळाच्या अंगावर आधीच ओरखडे आहेत, ज्यावर शेवाळ बसले आहे आणि ज्याचे शेवाळ खाणारे मासे पावाकडे वळले आहेत, त्याला उपाशी दिवस काढणे अधिक कठीण जाते. उसंत मिळाली तर ती वापरण्याची ताकद त्याच्यात शिल्लक असावी, एवढे आपल्या हाती आहे.

महिन्याचे विचारलेत ते फार महत्त्वाचे आहे. आपल्या किनाऱ्यावर पाणी सर्वांत अधिक तापते ते एप्रिलच्या उत्तरार्धापासून पाऊस सुरू होईपर्यंत, म्हणजे मुख्यत्वे मे महिन्यात. शाळांना सुट्ट्या असतात तोही मे महिनाच. प्रवाळ सर्वांत अशक्त असतो तेव्हाच त्याच्यावर सर्वाधिक पाय पडतात. आपल्या सहाजणांना शक्य असेल तर ‘म्हाताऱ्या’ची जागा मे महिन्यात पूर्ण बंद ठेवा आणि पाहुण्यांना थोड्या खोल पाण्यातील दुसऱ्या जागी न्या. शिवाय दर पंधरवड्याला, ठरावीक अंतरावरून, त्याच बाजूने, शेजारी पांढरी पाटी धरून त्याचे छायाचित्र घ्या आणि तारीख लिहून ठेवा. पाटीमुळे रंगाची तुलना करता येते. अशी दोन-तीन वर्षांची छायाचित्रे माझ्या विद्यार्थ्यांना कोणत्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

खाडीमुखी

मे महिन्यात ती जागा बंद ठेवण्यास आमच्यापैकी चौघे तयार आहेत. उरलेल्या दोघांवर कर्जाचे हप्ते आहेत, त्यांच्याशी पुन्हा बोलेन. वनविभाग आणि मेरीटाइम बोर्ड या दोन्हींकडे बोयांसाठी अर्ज लिहायला घेतला आहे. जागा ठरल्याशिवाय नकाशा जोडता येणार नाही, म्हणून दांडीच्या दादांना विचारतो, येत्या अष्टमीला आपल्याला वेळ होईल का? आणि दोरी किती लांब ठेवावी?

दांडीचा_गिलनेटवाला

अष्टमीला सकाळी सातला दांडीवर या. जाळी सुकवायची आहेत, पण ती पोरगा बघेल.

दोरी उधाणाच्या भरतीला ताणली जाणार नाही एवढी लांब हवी, म्हणजे तळापासूनच्या खोलीत भरतीचे दोन-अडीच मीटर धरून वर आणखी थोडी ढील. पण ओहोटीला हीच ढील तळावर लोळते आणि वाऱ्याबरोबर फिरत खडप घासते, मग नांगर काय वाईट होता असे होईल. त्यासाठी दोरीच्या मध्यावर एक लहान बोया बांधावा लागतो, तो दोरीला तळापासून उचलून धरतो. माझ्याकडे जुन्या जाळ्यांचे बोये पडून आहेत, ते आणतो. तुम्ही ओळंबा आणि वावाच्या खुणा केलेली दोरी आणा, वाळूचा पट्टा कुठे किती खोल आहे ते मोजूनच घेऊ. ताईंना सवड असेल तर त्यांनाही घेऊन या. माझी तीन जाळी कुठे आहेत तेही त्याच फेरीत दाखवतो.